रंगवलेलं शेल्फ घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रंगवलेल्या लाकडी सामानावर थोडं लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं पुस्तकांच्या शेल्फाबद्दलच आहेत, त्यामुळे या वेळची सगळी जागा शेल्फालाच देतो. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. पण बाकीच्यांनीही ते आधी वाचावं, कारण निम्म्या शंका तिथेच फिटतील.

प्रश्न : नमस्कार काका. मी कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. घरात सहाशेच्या आसपास पुस्तकं आहेत. काही खोक्यांत, काही पलंगाच्या बॉक्समध्ये. सुतार म्हणतो, सनमायकाचं करून घ्या, रंगाचं आता कोणी करत नाही. मला बाहेरून पांढरं आणि आत मोरपंखी असं रंगवलेलंच शेल्फ हवं आहे, आणि ते स्वतः करायचं आहे. घरात एक ड्रिल मशिन आणि हातोडी आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. जमेल का? लाकूड कोणतं घेऊ?
(शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : जमेल, ताई. नवशिक्यानं सुरुवात रंगवलेल्या शेल्फानंच करावी, असं माझं ठाम मत आहे. सागाला पॉलिश करायचं म्हटलं की प्रत्येक सांधा उघडा दिसतो, स्क्रू लपवायला जागा नसते आणि महागाच्या फळीवर करवत टेकवताना हात कचरतो. रंगाच्या कामात स्क्रू लावा, वर लांबी (म्हणजे लाकडाची पुट्टी) भरा, घासा, रंग द्या. स्क्रू कुठे होता ते तुम्हालाही सापडणार नाही.

पण रंगाखाली काहीही खपतं, असं समजू नका. माझी सगळी नोकरी पॅटर्न शॉपमध्ये गेली. ओतकामाच्या वाळूत ज्याचा ठसा उमटवायचा, तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो रंगवल्याशिवाय फाउंड्रीत जात नसे. रंगामुळे वाळूची ओल लाकडात शिरत नाही आणि नमुना वाळूतून अलगद सुटून येतो. तिथे नमुन्यावर राहिलेला ओरखडा थेट लोखंडावर उमटायचा. रंग लाकडाला झाकतो, पण खालचा खड्डा आणि उंचवटा जास्तच उठून दाखवतो, हे मी तिथे शिकलो.

लाकूड म्हणाल तर १८ मिमी जाडीचं प्लायवूड घ्या. फळीवर आयएसआयचा शिक्का बघा. साधं प्लाय आयएस ३०३ खाली येतं, मरीन प्लाय आयएस ७१० खाली. भिंत कोरडी असेल तर चांगल्या वखारीतलं साधं प्लाय पुरतं. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत असेल तर मरीनचे पैसे टाका. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचा, पृष्ठभाग रंगासाठी फार गुळगुळीत असतो, म्हणून अनेकांना त्याचा मोह होतो. पण त्याची फळी प्लायपेक्षा लवकर झोळते आणि कडेत मारलेला स्क्रू धरून राहत नाही. फळ्यांना ते नको.

आता माप. प्लायचा पत्रा ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. त्याच्या उभ्या, साडेनऊ इंच रुंदीच्या पाच पट्ट्या निघतात. करवतीच्या पात्यात जाणारा भुसा धरूनसुद्धा. साडेनऊ इंच खोली कादंबऱ्यांना पुरते आणि दिवाळी अंकांनाही. दोन पट्ट्यांतून ७२ इंची उभ्या बाजू काढा. पुढच्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी तीन फळ्या, साडेअठ्ठावीस इंची. पाचवीतून सातवी फळी, खालची पायपट्टी आणि वरच्या फळीखाली भिंतीला जखडायची आडवी पट्टी. शेल्फाची बाहेरून रुंदी साधारण ३० इंच, उंची ७२. सात फळ्यांचे सहा कप्पे होतात. पायपट्टी ३ इंच ठेवलीत, तर सगळ्यात खालचा कप्पा १३ इंचांचा करा, त्यावरचा ११ आणि उरलेले चार १० इंचांचे. मोठे कोश, अॅटलास खाली, बाकीची पुस्तकं वर. एका कप्प्यात सरासरी जाडीची पन्नासेक पुस्तकं बसतात, तेव्हा तुमच्या सहाशेंना अशी दोन शेल्फं लागतील. एकच साठ इंची करू नका. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

कापणी घरी करू नका. १८ मिमीचा अख्खा पत्रा तीस किलोच्या आसपास भरतो, तो तिसऱ्या मजल्यावर नेऊन हातकरवतीनं सरळ कापणं हे सरावाचं काम आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जा, कटिंग मशिन कोणाकडे आहे ते विचारा, आणि वर दिलेला हिशेब कागदावर आखून त्यांच्या हातात द्या. कापताना समोर उभ्या राहा. सातही फळ्यांची लांबी एकाच सेटिंगवर कापून मागा. लांबी साडेअठ्ठावीसच्या जागी दोरीभर, म्हणजे किंचित, कमी झाली तरी बिघडत नाही, पण सातही सारख्या हव्यात. सहा फुटी तुकडे लिफ्टमधून वर जातात. स्क्रू, गोंद, रंग, गुण्या (काटकोन आखायचं हत्यार) हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळेल. जुन्या बाजारात हत्यारं स्वस्त मिळतात हे खरं, पण गुण्या तिथून घेऊ नका. तो काटकोनात आहे का हे नवशिक्याला चटकन ओळखता येत नाही, आणि सगळं काम त्याच्याच भरवशावर उभं राहतं.

खुणा करताना दोन्ही उभ्या बाजू जमिनीवर एकमेकींना चिकटवून ठेवा, खालची टोकं एका रेषेत आणा, आणि गुण्या लावून दोघींवर एकदमच रेघ मारा. वेगवेगळं मोजू नका. प्रत्येक रेघेजवळ फळी ज्या अंगाला बसणार त्या अंगाला पेन्सिलीनं फुली काढा. ही फुली विसरली की एक टोक रेघेच्या वर आणि दुसरं खाली बसतं. १८ मिमीचा फरक पडतो आणि फळी तिरकी दिसते. जुने कारागीरसुद्धा फुली मारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

सांध्यासाठी खाच पाडायच्या फंदात पहिल्याच कामात पडू नका. प्रत्येक फळीखाली दोन्ही बाजूंना एकेक आधारपट्टी द्या. उरलेल्या प्लायच्या इंचभर रुंद पट्ट्या चालतील. पट्टीला फेविकॉल लावून ३० मिमीच्या स्क्रूनं ती आतून बाजूला जखडा. यापेक्षा लांब स्क्रू घेतलात तर टोक बाहेर निघेल. त्यावर फळी ठेवून बाहेरच्या अंगानं ५० मिमीचे तीन स्क्रू तिच्या कडेत जाऊ द्या. त्याआधी ३ मिमीच्या बिटनं भोक पाडायलाच हवं, नाहीतर प्लायचे थर फाकतात. स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या जरा खाली जाईल इतकं तोंड काउंटरसिंक बिटनं रुंद करून घ्या, कारण लांबी तिथेच भरायची आहे. पुढून दिसणाऱ्या प्लायच्या कडांना दीड इंच रुंद पाइनची पट्टी उभी चिकटवा. थर झाकले जातात आणि फळीला बळही येतं.

पाठीला ६ मिमी प्लाय लावायच्या आधी शेल्फ पालथं आडवं ठेवून दोन्ही कर्ण मोजा. बाहेरून बरोबर ३० बाय ७२ असेल तर दोन्ही कर्ण नेमके ७८ इंच यायला हवेत. ५-१२-१३ चा काटकोन त्रिकोण सहापट मोठा केला की हेच आकडे येतात. तुम्ही वर्गात गणित शिकवत असाल तर मुलांना हे जरूर सांगा. एक कर्ण जास्त भरला तर त्या दोन कोपऱ्यांना दाबून शेल्फ सरळ करा आणि त्याच स्थितीत पाठ ठोका. पाठ एकदा बसली की शेल्फ पुढे कधी तिरपं होत नाही.

मोरपंखी रंगाचं म्हणाल तर पाठीचा पत्रा लावायच्या आधीच रंगवून घ्या. तो आत येतो तिथे पांढऱ्या फळीची रेघ आपोआप स्वच्छ येते, टेप चिकटवत बसावं लागत नाही. बाकी रंगाचा क्रम असा : १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासणं, वुड प्रायमरचा हात, मग लाकडाची लांबी. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी इथे चालत नाही, लाकूड हललं की ती तडकते. लांबी वाळली की १८० नं घासा, पुन्हा प्रायमर, मग २२० नं घासा. आता घरातले दिवे घालवून टॉर्च फळीला समांतर, अगदी कडेला धरा. जे खड्डे आणि ओरखडे दिवसाच्या उजेडात दिसत नव्हते, ते लांब सावल्यांनी दिसतील. त्यांच्यावर पेन्सिलीनं गोल करा, पुन्हा लांबी भरा. या टॉर्चच्या तपासणीला कंटाळू नका, रंगाचं सगळं देखणेपण इथेच ठरतं. त्यानंतर फोमच्या चार इंची रोलरनं रंगाचे दोन पातळ हात, मध्ये ३२० नं हलकं घासून.

आणि एक सांगतो, याला पर्याय नाही. भरलेलं शेल्फ दीडशे किलोच्या पुढे जातं. वरची आडवी पट्टी भिंतीला रॉल प्लग (स्क्रू धरण्यासाठी भिंतीच्या भोकात बसवायची गुटी) आणि स्क्रूनं पक्की करा. नुसत्या प्लास्टरमध्ये नको, विटेत किंवा काँक्रीटमध्ये स्क्रू जायला हवा. घरात लहान मूल असेल तर पुस्तकं लावायच्या आधी हे काम झालंच पाहिजे. मुलं फळ्यांची शिडी करतात.

प्रश्न : मी स्वतः चार फुटी शेल्फ केलं, १२ मिमी प्लायचं. दोन वर्षांत सगळ्या फळ्यांना मध्ये झोळ पडला. फळ्या उलट्या करून लावल्या तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. प्लाय हलकं निघालं का?
(निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ)

उत्तर : प्लायला दोष देऊ नका. मापाचा प्रश्न आहे. पुस्तकं एका फुटाला साधारण दहा-बारा किलो भरतात. अशा सारख्या पसरलेल्या वजनाखाली फळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घातानं कमी होतो. ३० इंची फळी ३६ इंची केली तर लांबी फक्त सहा इंचांनी वाढते, पण झोळ दुप्पट होतो. तुमची ४८ इंची १२ मिमीची फळी आणि वरच्या उत्तरातली ३० इंची १८ मिमीची, यांची तुलना केली तर तुमचा झोळ बावीसपट येतो. अगदी उत्तम प्लाय घेतलं असतं तरी ते या हिशेबापुढे टिकलं नसतं.

फळी उलटी केल्यावर ती पुन्हा का वाकते? लाकूड सतत वजनाखाली राहिलं की हळूहळू त्या आकाराला सरावतं, आणि ही क्रिया थांबत नाही. उलटी फळी आधी सपाट होते, मग दुसऱ्या अंगाला त्याच वेगानं निघते.

तुमचं शेल्फ टाकाऊ नाही. दोन उपाय आहेत. पहिला, प्रत्येक कप्प्यात बरोबर मध्यावर १८ मिमीचा उभा तुकडा बसवा, एकाखाली एक, सरळ ओळंब्यात, जमिनीपर्यंत. अंतर निम्मं झालं की झोळ सोळाव्या हिश्शावर येतो. दुसरा, मध्ये उभी फळी नको असेल तर पुढच्या कडेला दीड इंचाची पट्टी उभी चिकटवा. १८ मिमीच्या फळीचा ताठपणा एवढ्यानं दुपटीहून जास्त होतो, तुमच्या १२ मिमीत तर फरक आणखी पडेल. मागच्या कडेला पाठीतून दर सहा इंचांवर स्क्रू द्या. पण चार फुटांसाठी माझा कौल पहिल्या उपायालाच. चिकटवण्याआधी फळ्या आठवडाभर रिकाम्या आणि उलट्या ठेवा, मग सरळ करून दाबा.

प्रश्न : दिवाळीच्या आधी घाई करून पांढऱ्या ऑइल पेंटनं शेल्फ रंगवलं. चौथ्या दिवशी हाताला कोरडं लागलं म्हणून पुस्तकं लावली. आता पुस्तक उचललं की फळीला चिकटलेलं असतं, एका जुन्या पोथीच्या पुठ्ठ्याचा कागद फळीवरच राहिला. शिवाय खालच्या दार असलेल्या कप्प्यात पांढरा रंग पिवळट दिसतो. रंगात भेसळ होती का?
(गृहिणी, निगडी)

उत्तर : पोथीचं वाचून फार वाईट वाटलं. ताई, भेसळ नसावी. रंग वाळणं आणि रंग पक्का होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑइल पेंटमधला टर्पेंटाइन काही तासांत उडून जातो, आणि बोट लावलं की कोरडं लागतं. पण त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत कडक होतं, त्याला तीन-चार आठवडे लागतात. त्या काळात वर पुस्तकांचं ओझं ठेवलं की हवाही अडते आणि दाबानं कव्हर रंगात रुतून बसतं. परीक्षा सोपी आहे : न दिसणाऱ्या जागी अंगठ्याचं नख जोरात दाबा. खूण उमटली तर थांबा.

पिवळेपणाचं कारणही तेलच. ऑइल पेंटचा पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो, उजेडात राहतो तसा राहत नाही. म्हणून दाराआडच्या कप्प्यात तो आधी दिसला. पांढऱ्या शेल्फाला पाण्याचा अॅक्रिलिक इनॅमल घ्या, तो अंधारातही पांढरा राहतो आणि त्याला वासही कमी. पक्कं व्हायला मात्र त्यालाही काही आठवडे द्यावेच लागतात.

आता काय करायचं : सगळी पुस्तकं काढा. रंगाला चिकटलेला कागद कोमट पाण्यानं भिजवून प्लास्टिकच्या पट्टीनं सोडवा. शेल्फ महिनाभर उघडं ठेवा, कप्प्यांची दारंही. मग २२० नं घासून चकाकी मोडा, प्रायमरचा एक हात द्या आणि वर पाण्याच्या इनॅमलचे दोन हात. पुण्यात या कामाला ऑक्टोबर उत्तम. हवा कोरडी होते, उन्हं तापतात. जुलै-ऑगस्टमध्ये प्रायमर आणि लांबीपर्यंत थांबा, शेवटचे हात देऊ नका. दिवाळीला पुस्तकं लावायची असतील तर रंग नवरात्रापूर्वी संपलेला हवा. पोथीच्या पुठ्ठ्याला घरी गोंद लावू नका, बाइंडिंगवाल्याला दाखवा.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे. चाकणच्या कंपन्यांतून आलेली पॅकिंगची पाइनची खोकी आणि पॅलेट्स भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात. त्यातून हॉस्टेलच्या खोलीसाठी छोटं शेल्फ करून रंगवू का?
(विद्यार्थी, आकुर्डी)

उत्तर : जरूर कर. आधी फळीवरचा शिक्का वाच. परदेशातून आलेल्या पॅकिंगच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि काही अक्षरं डागलेली असतात. त्यात ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, ते घे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नकोस. शिक्काच नसेल किंवा तेलाचे, रसायनांचे डाग असतील, तर तेही सोड.

खिळे एकूण एक काढ. रंध्याचं पातं एका खिळ्यानं जातं. पाइनच्या गाठींतून राळ झिरपते आणि पांढऱ्या रंगावर काही महिन्यांत तपकिरी वर्तुळं उमटतात. प्रायमरच्या आधी प्रत्येक गाठीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेच्या पापुद्र्यांचे) दोन हात दे, राळ तिथेच अडते. बोहरी आळीत चपडा सुटा मिळतो. पॅलेटच्या फळ्या अरुंद असतात, तेव्हा दोन जोडून एक कप्पा कर आणि लांबी दोन फुटांपुढे जाऊ देऊ नकोस. पहिलंच काम असेल तर हेच माप शिकायला चांगलं आहे.

प्रश्न : आजोबांच्या वेळचं सागाचं शेल्फ आहे, त्यावर हिरव्या ऑइल पेंटचे थरावर थर. मशिननं सगळं घासून नव्यानं रंगवायचं आहे. घरात दोन वर्षांची नात आहे.
(शनिवार पेठ)

उत्तर : मशिन लावू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता दाट. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) असावी हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आजोबांच्या काळात असं बंधन नव्हतं. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते, आणि जमिनीवर रांगणारं-खेळणारं मूल हात तोंडात घालतं.

रंग जिथे घट्ट आहे तिथे तो खरवडायची गरजच नाही. शेल्फ घराबाहेर किंवा गच्चीत न्या, नातीला त्या दिवसापुरतं दुसरीकडे ठेवा. वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फक्त चकाकी मोडा, निघालेला चिखल जुन्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला चांगला मास्क हवा, नुसता रुमाल नको. सुटत आलेले पापुद्रे असतील तर पेंट रिमूव्हर लावून लोखंडी पत्र्याच्या पट्टीनं ओले असतानाच काढा. मग प्रायमर आणि पाण्याचा इनॅमल. खाली सागच आहे, तेव्हा रंग काढून पॉलिश करावं असं कोणीतरी तुम्हाला नक्की सुचवेल. नात मोठी होईपर्यंत ते राहू द्या.